अनेक सर्व्हरांवरील कॉन्फिग फाईल अँसिबलने कशी बदलावी

एका सर्व्हरवरील एका फाईलमधली एक ओळ बदलायची असेल, तर व्हिम उघडून ती बदलणे हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे. तीच ओळ चौदा सर्व्हरांवर बदलायची वेळ आली की हात शिवशिवतात आणि आपण फॉर लूप, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याचे साधन) आणि सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) यांची एक लांबलचक कमांड लिहून बसतो. मीही तेच केले होते. पुढे अँसिबल (अनेक सर्व्हरांवर एकाच वेळी बदल करणारे साधन) शिकलो, पण सवय सेडचीच राहिली आणि त्या सवयीपायी बरेच दिवस वाया गेले.

माझ्याकडे त्या वेळी चौदा उबुंटू सर्व्हर होते आणि त्या सर्वांवर पासवर्डने होणारे एसएसएच लॉगिन बंद करायचे होते. प्लेबुक, म्हणजे अँसिबलने करायच्या कामांची फाईल, चालवले; चौदाही सर्व्हरांपुढे पिवळ्या अक्षरांत ‘चेंज्ड’ उमटले आणि मी काम झाल्याचे कळवून टाकले. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने माझ्यासमोर पासवर्ड टाकून त्यांतल्याच एका सर्व्हरवर लॉगिन करून दाखवले. फाईल उघडून पाहिली, तर माझी ओळ तिथे अगदी व्यवस्थित होती. एसएसएच मात्र ती मानत नव्हते. फाईलमध्ये काय लिहिले आहे आणि चालू असलेला प्रोग्राम काय मानतो आहे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फरक समोर ठेवून लिहिल्या आहेत आणि उदाहरणही तेच घेतले आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात कमांड, पर्याय आणि फाईलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरावे.

१. साधन निवडणे

सर्व्हरांची मांडणी लिहून ठेवून ती यंत्राकडून अमलात आणण्याची कल्पना जुनी आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ऑस्लोमध्ये सीएफइंजिन सुरू केले, २००५ च्या सुमारास पपेट आले, त्यानंतर शेफ आणि सॉल्ट आले आणि २०१२ साली मायकेल डीहान यांनी अँसिबल आणले, जे २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतले. आपल्या कार्यालयात यांपैकी एखादे साधन आधीपासून चालू असेल तर तेच शिकावे, कारण एकाच सर्व्हरवर दोन साधने एकाच फाईलीशी झोंबू लागली तर दर अर्ध्या तासाने ती फाईल इकडची तिकडे होते आणि दोष कोणाचा हे शोधता शोधता नाकी नऊ येतात.

काहीच नसेल तर अँसिबल घ्यावे. त्यासाठी सर्व्हरवर वेगळा एजंट (सतत चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही; एसएसएचने पोहोचता आले आणि तिथे पायथन असले की बहुतेक मॉड्यूले (एकेका प्रकारच्या कामासाठी अँसिबलचे तयार तुकडे) चालतात.

२. सुरू करण्यापूर्वी जवळ काय असावे

- लिनक्स किंवा मॅक असलेला स्वतःचा संगणक. विंडोजवर अँसिबल थेट चालवता येत नाही, तिथे डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरावे लागते.
- त्यावर पिपएक्सने (पायथनमधले प्रोग्राम बसवणारे साधन) बसवलेले अँसिबल.
- प्रत्येक सर्व्हरवर एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाईल) वापरून होणारे लॉगिन आणि सुडोचा, म्हणजे रूट म्हणून कमांड चालवण्याचा, अधिकार. पासवर्ड बंद करण्याआधी ही की चालते याची खात्री प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्रपणे करावी.
- सर्व्हरांची यादी, म्हणजे इन्व्हेंटरी. सुरुवातीला एक साधी मजकूर फाईल पुरते.
- गिटची एक रिपॉझिटरी, ज्यात प्लेबुक आणि इन्व्हेंटरी दोन्ही राहतील.
- क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधून किंवा केव्हीएमवरून मिळणारा कन्सोल. एसएसएचचे दार चुकून बंद झाले तर आत जाण्याचा तोच एक मार्ग उरतो, म्हणून तो खरोखर उघडतो का हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहून ठेवावे.
- मोडले तरी हरकत नाही असा एक सर्व्हर. जुन्या लॅपटॉपवरील व्हर्च्युअल मशीनही चालते.

३. बदलण्याआधी प्रोग्रामलाच विचारणे

नवखा माणूस या पायरीवरून उडी मारून पुढे जातो, आणि मीही मारली होती. फाईल उघडून वाचणे पुरेसे नाही, कारण आजकाल बहुतेक प्रोग्राम एकाच फाईलीवर चालत नाहीत. ओपनएसएसएचला ८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ‘इन्क्लूड’ ही सोय मिळाली आणि उबुंटूच्या मुख्य एसएसएचडी_कॉन्फिग फाईलीत (एसएसएचडी म्हणजे सर्व्हरच्या बाजूने चालणारा एसएसएच प्रोग्राम) अगदी वरच एक ओळ असते, जी एसएसएचडी_कॉन्फिग.डी या डिरेक्टरीतल्या, कॉन्फने संपणाऱ्या सगळ्या फाईली नावांच्या क्रमाने आत ओढते. एसएसएचचा नियम असा की, एखाद्या पर्यायाची जी किंमत (व्हॅल्यू) पहिल्यांदा सापडेल तीच खरी, त्यानंतरच्या सगळ्या दुर्लक्षित. माझ्या सर्व्हरांवर त्या डिरेक्टरीत क्लाउड-इनिटने (क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणारा प्रोग्राम) ठेवलेली ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ नावाची एका ओळीची फाईल होती आणि तिच्यात पासवर्डऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डने लॉगिन चालू द्यायचे का हे ठरवणारा पर्याय, याच्यापुढे ‘यस’ लिहिलेले होते. ती आधी वाचली जात होती. मुख्य फाईलीत खाली मी लिहिलेल्या ‘नो’पर्यंत गोष्ट पोहोचतच नव्हती.

हे दोन मिनिटांत कळले असते. सर्व्हरवर सुडोसह एसएसएचडीला मोठा टी हा पर्याय दिला की, सगळ्या फाईली वाचून झाल्यावर त्याने शेवटी काय मानले आहे ते तो ओळीओळीने छापतो. त्यातून पासवर्डऑथेंटिकेशनची ओळ ग्रेपने काढून घ्यावी आणि टिपून ठेवावी. इतर प्रोग्रामांनाही असे विचारता येते: एनजिनएक्सला (एक वेब सर्व्हर) मोठा टी दिला की तो आत ओढलेल्या सगळ्या फाईलींसह पूर्ण कॉन्फिग छापतो, आणि कर्नलच्या किमती सिसकंट्रोल सांगतो.

४. योग्य मॉड्यूल निवडणे

मजकूर बदलण्यासाठी अँसिबलमध्ये अनेक मॉड्यूले आहेत आणि नवख्याची पहिली ओळख ‘लाइनइनफाइल’शी होते, कारण ते सेडसारखे वाटते. माझा सल्ला याच्या उलट क्रमाचा आहे: लाइनइनफाइलकडे शेवटी वळावे.

सर्वांत आधी त्या कामासाठीच बनवलेले मॉड्यूल आहे का ते पाहावे. कर्नलच्या किमतींसाठी सिसकंट्रोल, एफएसटॅबसाठी माउंट, क्रॉनच्या नोंदींसाठी क्रॉन, आयएनआय प्रकारच्या फाईलींसाठी आयएनआय_फाइल, अशी मॉड्यूले तयार आहेत आणि त्यांना त्या त्या फाईलीची रचना कळते.

तसे नसेल तर प्रोग्राम ‘डॉट-डी’ पद्धतीची डिरेक्टरी वाचतो का ते पाहावे आणि तिच्यात स्वतःची एक छोटी फाईल पूर्णपणे ठेवावी. आपल्या उदाहरणाचे उत्तर हेच आहे. सगळीकडे मजकूर सारखा असेल तर कॉपी मॉड्यूल, सर्व्हरागणिक वेगळा असेल तर टेम्प्लेट. पूर्ण फाईल आपली असली की तिच्यात आधी काय होते, टिप्पणीचे चिन्ह होते की नव्हते, मध्ये किती मोकळ्या जागा होत्या, यांपैकी कशाचीच काळजी उरत नाही.

डिरेक्टरीची सोय नसेल, पण फाईल आपल्याच ताब्यात राहणार असेल, तर पूर्ण फाईल टेम्प्लेटने लिहावी. फाईल दुसऱ्या कोणाची असेल आणि तिच्यात चार-पाच सलग ओळी घालायच्या असतील तर ‘ब्लॉकइनफाइल’ घ्यावे. ते आपल्या मजकुराच्या वर आणि खाली खुणेची ओळ घालते आणि पुढच्या वेळी त्या खुणांमधलाच भाग बदलते. एकाच फाईलीत दोन ब्लॉक घालायचे असतील तर दोघांना वेगवेगळी खूण द्यावी, नाहीतर दुसरा ब्लॉक पहिल्याच्या जागी बसतो आणि प्रत्येक वेळी प्लेबुक चालवल्यावर दोन्ही टास्क (प्लेबुकमधली एकेक कामे) ‘चेंज्ड’ दाखवत राहतात. हे पाहून मी एकदा पूर्ण दुपार अँसिबललाच दोष देत बसलो होतो.

यांतले काहीच जमत नसेल तेव्हा लाइनइनफाइल.

५. लाइनइनफाइल वापरावेच लागले तर

हे मॉड्यूल वाईट नाही, पण त्याचे वागणे नीट माहीत असले पाहिजे. त्याला एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायच्या मजकुराचा नमुना, आणि एक पूर्ण ओळ द्यायची असते. एक्स्प्रेशनशी जुळणारी ओळ सापडली तर ती बदलली जाते, अनेक सापडल्या तर त्यांपैकी फक्त शेवटची बदलली जाते आणि एकही सापडली नाही तर आपली ओळ फाईलीच्या तळाशी जोडली जाते. या एका वाक्यात तीन सापळे आहेत.

पहिला सापळा ‘शेवटची’ या शब्दात आहे. उबुंटूच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये खाली पीएएमविषयी (लिनक्समधली लॉगिन तपासण्याची यंत्रणा) एक लांब टिप्पणी आहे आणि त्या टिप्पणीच्या मजकुरातही पासवर्डऑथेंटिकेशन हा शब्द येतो. एक्स्प्रेशन म्हणून नुसता तो शब्द दिला, तर मॉड्यूल खरा पर्याय सोडून त्या टिप्पणीची ओळ खाते. फाईलीत आता ‘नो’ असलेली ओळ आहे, पण वर कोणी ‘यस’ची ओळ उघडी ठेवली असेल तर पहिल्या किमतीच्या नियमाने ‘यस’च चालतो. म्हणून एक्स्प्रेशनच्या सुरुवातीला ^ आणि लगेच #? लावावे आणि पर्यायाच्या नावानंतर मोकळी जागा आलीच पाहिजे असे लिहावे. टिप्पणीच्या ओळीत # नंतर मोकळी जागा असते आणि बंद ठेवलेल्या पर्यायाच्या ओळीत ती नसते, एवढ्याशा फरकावर हे सारे उभे आहे, यावरूनच ही पद्धत किती नाजूक आहे ते ध्यानात यावे.

दुसरा सापळा एक्स्प्रेशनमध्ये जुनी किंमत लिहिण्याचा. समजा पीएचपीच्या मेमरी_लिमिटसाठी १२८ एम असलेली ओळ शोधून २५६ एम करायला सांगितले. पहिल्यांदा ठीक चालते. दुसऱ्यांदाही, कारण हवी ती ओळ जशीच्या तशी आहे हे मॉड्यूलला दिसते. सहा महिन्यांनी आपण २५६ चे ५१२ करतो आणि एक्स्प्रेशन तसेच ठेवतो. आता १२८ ची ओळ नाही, ५१२ चीही नाही, म्हणून नवी ओळ तळाशी जोडली जाते आणि फाईलीत दोन मेमरी_लिमिट नांदू लागतात. एक्स्प्रेशनने फक्त पर्यायाचे नाव ओळखावे, किंमत ओळखू नये. बदलापूर्वीची आणि बदलानंतरची अशा दोन्ही ओळींशी ते जुळले पाहिजे.

तिसरा सापळा ‘तळाशी’ या शब्दात आहे. एसएसएचडी_कॉन्फिगच्या शेवटी ‘मॅच’ने सुरू होणारा विभाग असेल, उदाहरणार्थ फक्त एसएफटीपी वापरणाऱ्या गटासाठी, तर तळाशी जोडलेली ओळ त्या विभागात जाऊन बसते. पासवर्डऑथेंटिकेशन त्या विभागात चालते, त्यामुळे चूक दाखवली जात नाही. बदल गुपचूप फक्त त्या गटापुरता लागू होतो. ‘इन्सर्टबिफोर’ हा पर्याय देऊन ओळ मॅचच्या आधी घालता येते.

६. टास्क लिहिणे

आपल्या उदाहरणासाठी कॉपी मॉड्यूलचा एकच टास्क पुरतो. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

- डेस्ट: एसएसएचडी_कॉन्फिग.डी मधली ‘०१-हार्डनिंग.कॉन्फ’. नावातला आकडा पन्नासपेक्षा लहान ठेवण्याचे कारण वर आलेच आहे.
- कंटेंट: पहिल्या ओळीत ही फाईल अँसिबल सांभाळते अशी टिप्पणी, दुसऱ्या ओळीत पासवर्डऑथेंटिकेशन नो, तिसऱ्या ओळीत केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो. तिसरी ओळ विसरू नये. ती नसेल आणि तो पर्याय इतरत्र चालू असेल तर पीएएममार्फत पासवर्ड विचारला जाऊ शकतो.
- ओनर आणि ग्रुप: रूट.
- मोड: अवतरणचिन्हांत ‘०६४४’.
- व्हॅलिडेट: एसएसएचडीचा पूर्ण मार्ग, मग लहान टी, लहान एफ आणि शेवटी %एस.
- नोटिफाय: एसएसएच रीलोड करणाऱ्या हँडलरचे नाव.

व्हॅलिडेट हा या यादीतला सर्वांत मोलाचा पर्याय आहे. अँसिबल नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाईलीत लिहितो, %एसच्या जागी तिचे नाव घालून तपासणीची कमांड चालवतो आणि ती यशस्वी झाली तरच फाईल खऱ्या जागी हलवतो. सुडोअर्सच्या फाईलींसाठी व्हीआयसुडोला सी आणि एफ देऊन हेच करता येते आणि तिथे ते न करणे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे. एनजिनएक्सच्या तुकड्यांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण नुसता सर्व्हर ब्लॉक ही पूर्ण कॉन्फिग नसते. तिथे फाईल ठेवल्यावर पूर्ण तपासणीचा वेगळा टास्क लिहावा.

मोडविषयी थोडे. अवतरणचिन्हे आणि सुरुवातीचे शून्य हे दोन्ही गाळून नुसते ६४४ लिहिले, तर यामल (प्लेबुक ज्या मांडणीत लिहितात ती) त्याला दशमान संख्या समजतो आणि फाईलीवर १२०४ असे अधिकार लागतात: मालकाला वाचता येत नाही, बाहेरच्याला वाचता येते. ‘नो’ हा शब्दही तसाच आहे. तो चलाची किंमत म्हणून अवतरणचिन्हांशिवाय लिहिला की त्याचा ‘फॉल्स’ होतो आणि टेम्प्लेटमधून फाईलीत ‘फॉल्स’च उतरतो. एसएसएचला तो शब्द कळत नाही, म्हणून व्हॅलिडेट असेल तर चूक तिथेच अडते.

बॅकअपचा पर्याय दिला तर जुनी फाईल त्याच डिरेक्टरीत, नावापुढे तारीख, वेळ आणि शेवटी ~ लावून ठेवली जाते. एसएसएच फक्त कॉन्फने संपणाऱ्या फाईली वाचते, त्यामुळे इथे धोका नाही. पण डेबियन आणि उबुंटूवरचे एनजिनएक्स साइट्स-इनेबल्ड डिरेक्टरीतली प्रत्येक फाईल वाचते, ~ असलेलीही. तिथे बॅकअप ठेवून मी एकच साइट दोनदा जाहीर करून बसलो होतो. जुना मजकूर गिटमध्ये असतोच, तेव्हा मी बॅकअप वापरणे सोडून दिले आहे.

७. हँडलर

फाईल बदलली तरच सेवा रीलोड व्हावी यासाठी हँडलर असतो. सेवेचे नाव उबुंटू आणि डेबियनवर ‘एसएसएच’ आहे, तर रेड हॅट कुळात ‘एसएसएचडी’.

हँडलर टास्कनंतर लगेच चालत नाही, सगळे टास्क संपल्यावर चालतो. मध्ये दुसराच एखादा टास्क फसला, तर त्या सर्व्हरवर हँडलर चालतच नाही. आपण ती चूक दुरुस्त करून प्लेबुक पुन्हा चालवतो, आता फाईल आधीच बरोबर असल्यामुळे ‘ओके’ येते, हँडलरला कोणी बोलावत नाही, आणि डिस्कवर नवी कॉन्फिग व मेमरीत जुनी अशी स्थिती पुढच्या रीस्टार्टपर्यंत राहते. यासाठी महत्त्वाच्या टास्कनंतर लगेच मेटा मॉड्यूलने ‘फ्लश_हँडलर्स’ करावे.

८. कोरडी चाचणी

आता चेक आणि डिफ हे दोन्ही पर्याय लावून प्लेबुक चालवावे. काहीही न बदलता कोणत्या फाईलीत कोणती ओळ जाईल आणि कोणती येईल ते अधिक-उणे चिन्हांसह दिसते. हा मजकूर खरोखर वाचावा. शेल आणि कमांड मॉड्यूलचे टास्क या चाचणीत सहसा वगळले जातात, म्हणून त्यांच्या निकालावर अवलंबून असलेले पुढचे टास्क इथे उगाच फसू शकतात. त्याने घाबरून जाऊ नये. फाईलीत पासवर्ड किंवा गुप्त की असेल तर डिफमधून ती पडद्यावर आणि लॉगमध्ये उघडी पडते, तेव्हा अशा टास्कपुरता डिफ बंद ठेवावा.

९. एका सर्व्हरवर, मग थोड्यांवर, मग सगळ्यांवर

ज्या एका सर्व्हरवर आधी बदल करायचा आहे, त्यावर एक वेगळे एसएसएच सेशन उघडून तसेच ठेवावे. रीलोडमुळे चालू सेशन तुटत नाही, त्यामुळे काही बिघडले तर दुरुस्तीसाठी आत एक पाय राहतो. मग लिमिटने एकच सर्व्हर निवडून प्लेबुक चालवावे. लगेच तेच पुन्हा चालवावे. दुसऱ्या वेळी चेंज्डची संख्या शून्य आली पाहिजे. ती शून्य येत नसेल तर एखादा टास्क प्रत्येक वेळी काहीतरी नव्याने लिहितो आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही.

सगळ्यांवर नेताना प्लेबुकमध्ये ‘सीरियल’ देऊन एका वेळी दोन किंवा तीनच सर्व्हर घ्यावेत. एका गटातले सगळे सर्व्हर फसले की अँसिबल तिथेच थांबतो आणि बाकीचे वाचतात.

१०. पुन्हा प्रोग्रामलाच विचारणे

तिसऱ्या पायरीतली कमांड प्रत्येक सर्व्हरवर परत चालवावी आणि टिपून ठेवलेल्या उत्तराशी ताडून पाहावी. मी आता ती प्लेबुकच्या शेवटीच एक टास्क म्हणून घातली आहे: एसएसएचडीला मोठा टी देऊन आलेले उत्तर रजिस्टर करायचे आणि ‘असर्ट’ने त्यात पासवर्डऑथेंटिकेशन नो आहे का ते तपासायचे. हा टास्क काही बदलत नाही, म्हणून त्याला ‘चेंज्ड_व्हेन’ फॉल्स द्यावे, आणि कोरड्या चाचणीतही चालावा म्हणून ‘चेक_मोड’ फॉल्स द्यावे. पहिल्या कोरड्या चाचणीत मात्र हा असर्ट फसणारच, कारण तेव्हा काहीच बदललेले नसते. मॅच विभाग असतील तर मोठा सी देऊन त्या त्या वापरकर्त्यासाठी वेगळे विचारावे लागते. शिवाय एसएसएचडीचे हे उत्तर फाईली नव्याने वाचून दिलेले असते. चालू असलेल्या सेवेने रीलोड केले की नाही, ते त्यावरून कळत नाही.

म्हणून शेवटची तपासणी बाहेरून करावी. आपल्या संगणकावरून एसएसएचला पबकीऑथेंटिकेशन नो असा पर्याय देऊन सर्व्हरवर जाण्याचा प्रयत्न करावा. पासवर्ड न विचारता ‘परमिशन डिनाइड’ आणि पुढे कंसात फक्त ‘पब्लिककी’ असे आले, तर उघडे ठेवलेले ते सेशन बंद करायला हरकत नाही.